दोघांच्या गोळ्यांचा एकच डबा

अण्णा,

शुक्रवारी रक्ताचे दोन रिपोर्ट यायचे आहेत, एक आपल्या दिलीपचा आणि एक माझा. आज मंगळवार. मधल्या दिवसांत करायच्या कामांची यादी मी सकाळीच केली: शाळेच्या ऑफिसात परीक्षेच्या कागदांचे गठ्ठे लावणं, सदलग्याच्या मावशीला परत फोन, दिलीपच्या गोळ्यांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवणं. यादी तेवढ्यावर पुरी वाटेना, म्हणून खाली चौथं काम लिहिलं: अण्णाशी बोलणे. तुला जाऊन तेवीस दिवस झाले. आपली फोनची वेळ सकाळी पावणेआठची. त्या वेळी अजून माझा हात फोनकडे जातो. कुणी उचलणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. वडगावचे एक जुने विणकर म्हणाले, अण्णाच्या साडीचा काठ डोळे झाकून हाताला कळायचा. खरं आहे ते. पण मला तेवढ्यावर थांबता येत नाही. तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलंय आणि त्यात चूक माझी निघाली. आणि तू गेल्यावर मी आणखी एक चूक केली, ती दिलीपच्या जिवावर बेतली असती. तुला क्रमानं सांगते. क्रम लागला की मला जरा धीर येतो, हे तुला माहीत आहे.

तुम्हा माझ्या दोघा भावांत छातीची कळ आधी दिलीपला आली. धाकटा असून पहिला नंबर त्याचा. त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या, आणि वर्षभरानं, दसरा झाल्यावर, तुला एक. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक बारीक पांढरी आणि एक गुलाबी. जाळीत रक्ताची गुठळी होऊ नये, जाळी उघडी राहावी, म्हणून ती गुलाबी. दिलीपची आधीपासून तीच चालू होती. मी निपाणीहून दोन डबे घेऊन आले होते, आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेले, एक निळा आणि एक हिरवा. तू ते हातात घेऊन उलटेसुलटे केलेस.

"दोन कशाला गं?"

"तुझा एक, दिलीपचा एक."

"दोघांची गोळी एकच, डॉक्टर एकच, माग एका शेडात. आणि डबे दोन? आज डबे वेगळे करशील, उद्या चूल वेगळी करशील. वाटणी करायला आलीस व्हय?"

दिलीप मागावरून हसला. वहिनी म्हणाली, "असू दे की हो, तेवढ्या लांबून आणलंय." पण शेवटी तुझंच झालं. दोघांच्या गोळ्या बिस्किटाच्या एकाच पत्र्याच्या डब्यात पडल्या, मागाच्या शेडातल्या फळीवर. निळ्या डब्यात वहिनीनं बटणं भरली, हिरव्यात सुया. बेळगावच्या खासबागेतल्या त्या घरात आजवर कुठलीच गोष्ट दोघांसाठी वेगळी ठेवली गेली नव्हती. मलाही ते मनातून आवडलं होतं, हे मी तेव्हा बोलले नाही. आता वाटतं, तेवढ्या एका बाबतीत तरी मी हट्ट धरायला हवा होता.

मग रोजचा फोन सुरू झाला. "घेतलीस?" "घेतली." "नक्की?" "नक्की बाई, नक्की. आता माग चालू करू का?" गोळी घेतल्याशिवाय मागाचं बटण दाबायचं नाही, हा नियम तू स्वतःच घालून घेतला होतास. फोन ठेवायच्या आधी मला मागाची खटखट ऐकू यायची. ती ऐकूनसुद्धा मी "नक्की?" विचारायची सोडली नाही.

संक्रांतीच्या आसपास मी घरी आले असताना तू एकदा म्हणालास, "सुमे, ह्या गुलाबीत काय दम हाय असं वाटत न्हाय मला."

"म्हणजे?"

"दिलप्याचं बघ. कोपर जरा मागाला लागलं की दुसऱ्या दिवशी निळं-काळं पडतंय. दाढी करताना कापलं की कापूस धरून बसतोय. माझं कापलं तर पाणी मारलं की बंद. गोळी तीच न्हवं? मग मला का न्हाय?"

"तू घेत नसशील."

"घेतो गं. धरत न्हाय मला. सुताच्या एखाद्या लडीला रंग धरत न्हाय बघ, तसं." मग तू गोळ्यांचं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचलंस आणि म्हणालास, "हां, सापडलं. हिमाचलात केल्याली हाय. तिथल्या गारठ्यातली गोळी बेळगावच्या माणसाला लागायची कशी?"

वहिनी पोट धरून हसली. मी हसले नाही. मला तुझं ते बोलणं म्हणजे गोळी न घेण्याची पळवाट वाटली. ज्याचं रक्त लगेच थांबतं तो गोळी घेत नाही, एवढं साधं गणित मी मांडलं. गोळी घेऊनही रक्त लगेच थांबू शकतं, हे माझ्या गणितात कुठे नव्हतं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी न सांगता आले. तू दारातच म्हणालास, "बायकांना बस फुकट झाल्यापासनं निपाणी लई जवळ आली बघ." मी थेट शेडात गेले, फळीवरचा डबा काढला आणि गोळ्या मोजल्या. पाकिटं कुठल्या तारखेला आणली, दोघांच्या रोजच्या किती, सगळं माझ्या वहीत होतं. गुलाबी चार जास्त निघाल्या.

"चार उरल्यात, अण्णा."

"असतील."

"असतील म्हणजे? तू चुकवतोस."

तू एकदा दिलीपकडे बघितलंस. तो कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होता. त्यानं मान खाली घातली होती. तेव्हा मला वाटलं, मोठ्या भावाला बोलणी बसतात म्हणून त्याला वाईट वाटतंय.

"मी घेतल्यात गं."

"मग ह्या चार काय डब्यात उगवल्या?"

"तुझ्या यादीत बघ, कुठंतरी पेरल्या असशील."

तुझ्या चेष्टेनं माझं डोकं आणखी फिरलं. वहिनीसमोर, दिलीपसमोर, मागावर काम करणाऱ्या दोन बायकांसमोर मी तुला वाटेल ते बोलले. शेवटी म्हणाले, "उद्या जाळी बंद पडली तर मला बोलवू नकोस." आणि पिशवी उचलली. तू मागून म्हणालास, "जेवून तरी जा, सुमे. तुझ्यासाठी झुणका टाकायला लावलाय." मी जेवले नाही. बसमध्ये बसल्यावर यमकनमर्डीपर्यंत मनात तुला आणखी चार गोष्टी सुनावत होते.

अकराव्या दिवशी जाळी बंद पडली.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू शुद्धीत होतास. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणालास, "बोलवू नको म्हणलीस, तरी आलीस की." नर्स ओरडली. मी म्हणाले, "गप्प पड, बोलू नकोस." आपल्यातलं ते शेवटचं बोलणं. तुला हात लावून काहीतरी म्हणायचं होतं, पण मी तिथं उभी राहून औषधांच्या वेळा लिहून घेत होते. मला वाटलं, वेळ आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

*

आता पुढचं. हे तुला माहीत नाही.

दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टर, धारवाडकडच्या, मराठी कानडी हेलानं बोलणाऱ्या, त्यांनी तू असतानाच तुझं थोडं रक्त बाहेर तपासणीला पाठवलं होतं. गोळ्या चालू असताना जाळी का बंद पडली, याची त्यांना शंका आली होती. रिपोर्ट नवव्या दिवशी आला. वहिनीला घेऊन मीच गेले. मी वही उघडून बसले आणि बाईंनी कागदावर दोन गोल काढले.

त्या म्हणाल्या, ही गुलाबी गोळी पोटात गेली म्हणजे औषध झाली असं नाही. यकृत तिच्यात बदल करतं, तेव्हा ती रक्तावर काम करते. तो बदल करणारा घटक काही माणसांच्या शरीरात जन्मापासूनच जवळजवळ काम करत नाही. त्याच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तुझ्या दोन्ही प्रती मंद निघाल्या. म्हणून गोळी आत जायची आणि बरीचशी तशीच निघून जायची. अशी माणसं युरोपातल्यापेक्षा आपल्या देशात जास्त सापडतात, पूर्वेकडच्या देशांतही जास्त. "जाळी त्यामुळंच बंद पडली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "दुसरी कारणं पण असतात. पण हे एक मोठं कारण असू शकतं."

मग त्यांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले काय?"

"आई आप्पांच्या मामाची मुलगी," मी म्हणाले. "आमच्यात चालतं."

"आमच्यात पण चालतं," त्या म्हणाल्या. "नात्यात लग्न झालं की एकसारख्या दोन प्रती एका ठिकाणी येण्याचा संभव वाढतो. एवढंच. कुणाची चूक नाही."

मी विचारलं, "त्यांच्या दाढीचं रक्त लगेच थांबायचं. ते सारखे सांगायचे. त्याचा काही संबंध?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेवढ्यावरनं काही ठरत नाही. पण मला कुणी सांगितलं असतं तर मी एकदा तरी तपासणीचा विचार केला असता."

त्यांना सांगायचं माझं काम होतं, अण्णा. दर तपासणीला मी तुझ्याबरोबर यायची. प्रश्नांची यादी माझ्या हातात असायची. तुझं ते बोलणं मी यादीत घेतलंच नव्हतं, कारण ते मला खोटं वाटलं होतं.

घरी येताना वहीत मी काय लिहिलं, ते आता तुला सांगायलाच हवं. लिहिलं होतं: "ही गोळी आपल्या लोकांना लागत नाही. घराण्यात दोष. सर्वांना कळवणे." बाईंनी अर्धा तास समजावलेलं मी दीड ओळीत बसवलं. 'काही', 'जास्त', 'संभव' हे शब्द माझ्या यादीत कधी बसले नाहीत. यादी म्हणजे काम. काम म्हणजे करायचं किंवा नाही करायचं.

आणि तेराव्याला, जेवणं झाल्यावर, बंद मागांच्या मध्ये सगळे सतरंजीवर बसलेले असताना, मी उठून उभी राहिले आणि ते वाचून दाखवलं. मला वाटलं, सगळे एका जागी आहेत तर एकदाच सांगून टाकावं. अण्णासारखं आणखी कुणाचं होऊ नये. बायका हळहळल्या. सदलग्याची मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे आमच्या रक्तालाच गोळी लागत न्हाय म्हणायची!" मी मान हलवली. मान हलवली, अण्णा.

सहा दिवसांनी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही जरा येता का? दिलीप भाऊजींनी गोळ्या बंद केल्यात. डबा मोरीत ओतला."

मी शाळेतून तशीच निघाले. बस काकतीला पोचेपर्यंत बोटांवर दिवस मोजत होते. सहा दिवस, दोन जाळ्या, एकही गोळी नाही.

दिलीप तुझ्या मागावर बसला होता. स्वतःचा सोडून तुझ्या.

"दिलीप, गोळी का बंद केलीस?"

"तूच सांगितलीस की आक्का. सगळ्यांसमोर. आपल्या रक्ताला लागत न्हाय म्हणून."

"सगळ्यांना नाही रे म्हणाल्या होत्या त्या."

"तू सगळ्यांना म्हणलीस."

मी माग बंद केला. तो चालू करायला उठला, मी बटणावर हात ठेवला. मग तो म्हणाला, "अण्णाला लागली न्हाय, मला काय लागणार. एकाच आईची पोरं आपण. उगाच कशाला पोटात रंग घालायचा."

"मग इतके दिवस का घेत होतास?"

"नेमानं घेत कुठं होतो." आणि तो तिथंच खाली बसला. "त्या चार माझ्या होत्या, आक्का."

मला आधी कळलंच नाही.

"तू मोजलीस त्या रविवारी. चार जास्त. त्या माझ्या. लग्नाच्या साड्यांची घाई होती, माझ्या ध्यानातनं जायच्या. अण्णानं एक दिवस चुकवली न्हाय. मला रोज म्हणायचा, आधी गोळी, मग माग. मी हूं म्हणायचो. त्यादिवशी तू बोलत होतीस आन् त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतोय. तर तो कुठला सांगतोय."

"मग तू का नाही बोललास?"

"तुला बघून कुणाचं तोंड उघडतंय?"

तो रडत होता आणि हसतही होता. मला तेही जमलं नाही. तुझं ते दिलीपकडे बघणं मला पुन्हा दिसलं. तू मला पुरता ओळखत होतास. दिलीपचं नाव घेतलं असतंस तर मी त्याला चार माणसांत सोलून काढलं असतं, म्हणून तू माझी सगळी बोलणी गिळलीस. गोळ्या नेमानं घेणाऱ्याला लागल्या नाहीत आणि चुकवणारा धडधाकट हिंडत होता. आणि मी नेमक्या त्या चुकवणाऱ्याला गोळ्या सोडायला कारण दिलं.

रडायला वेळ नव्हता. मी दिलीपला चप्पल घालायला लावली, रिक्षा बोलावली आणि तासाभरात आम्ही डॉक्टरबाईंसमोर होतो.

"नोड्री, हे बघा," बाई म्हणाल्या. एवढ्या रागावलेल्या मी त्यांना पाहिल्या नव्हत्या. "आपल्या लोकांत असं जास्त सापडतं, म्हटलं मी. तुमच्यात सगळ्यांनाच असतं, असं म्हटलं काय? आपल्यात बऱ्याच जणांना साखरेचा त्रास आहे, म्हणून रस्त्यात दिसेल त्याला इन्सुलिन टोचतो काय आपण? एका आईच्या दोन पोरांतसुद्धा वेगळं असतं. प्रत्येकाचं त्याचं त्याचं बघावं लागतं. आणि बघेपर्यंत चालू गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. कधीच नाही. सोडणं हे न लागण्यापेक्षा वाईट ठरू शकतं."

त्यांनी दिलीपचं रक्त घेतलं, रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळी गोळी लिहून दिली आणि तिथंच समोर पाणी देऊन पहिली घ्यायला लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण देऊन ठेवा. आज गरज नाही, पण तुम्ही ह्यांचीच बहीण." मी बाही वर केली. सुई टोचली तेव्हा मला दिलीपची नाही, तुझी आठवण आली. सुया-बटणांच्या त्या दोन डब्यांची.

परत येताना दिलीप रिक्षात म्हणाला, "अण्णा लडीचं सांगायचा बघ, नवीन कारागिरांना." मलाही तेच आठवत होतं. एकाच हंड्यात, एकाच रंगात दोन गिरण्यांचं सूत बुडवलं तर एक गर्द निघतं आणि एक फिकं. रंग वाईट नसतो, सूतही वाईट नसतं. म्हणून सगळा गठ्ठा हंड्यात टाकायचा नाही. प्रत्येक गिरणीच्या सुताची आधी एकेक लडी बुडवून बघायची. तू हे मला शिकवलंस तेव्हा मी दहा वर्षांची होते. रंगाऱ्याकडे जाणाऱ्या लड्यांचा हिशोब तुझ्या लक्षात राहायचा नाही, म्हणून तू मला पुढ्यात बसवून लिहायला लावायचास: जांभळ्या किती, मोरपंखी किती, कुठल्या गिरणीच्या किती. माझी पहिली यादी तीच. ती तू भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलीस, "आमच्या सुमीचं अक्षर." गिरणीचं नाव लिहायला मी विसरले की तू यादी परत करायचास. सगळं सूत सारखं नसतं, म्हणायचास. मी यादी लिहायची शिकले, पण ते वाक्य विसरले.

त्या दिवशी शेडातून निघताना भिंतीकडे बघितलं. तुझ्या मागाजवळ माझी गोळ्यांची यादी लावलेली होती, मीच लिहिलेली, सहा ओळींची. तिच्याखाली तुझ्या वाकड्या अक्षरात सातवी ओळ होती: "पावणेआठ, सुमीचा फोन." जशी ती औषधांतच धरायची असावी. मी ती काढली नाही. तिथंच राहू दे.

*

मग फोन. तेराव्याला आलेल्या घरांची माझ्याकडे यादी होतीच, एकोणीस घरं. दुसऱ्या दिवसापासून मी एकेक घर करते आहे आणि प्रत्येकाला तेच वाक्य सांगते, या वेळी कागदावर पूर्ण लिहून, एकही शब्द न गाळता: अण्णाला ती गोळी लागत नव्हती, तुम्हाला लागते का, हे तुमच्या डॉक्टरलाच कळेल, त्यांना अण्णाचं सांगा, आणि तोवर कुठलीही गोळी सोडू नका.

वडगावच्या आत्याच्या मुलानं रक्तदाबाची गोळी सोडली होती. मावशीनं तर साखरेची.

"मावशी, साखरेच्या गोळीचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"तूच म्हणलीस की, आमच्या रक्ताला गोळ्या लागत न्हाईत म्हणून. मग म्या म्हणलं, उगाच कशाला. आन् साखरबी लई न्हाय वाढली. दोन दिवस जिलेबी खाल्ली तरी काय न्हाय झालं."

"मावशी!"

"बरं बरं, घेते. वरडू नको. अण्णाला वरडायचीस तसं मला वरडू नको."

मी फोन ठेवला. म्हणजे सदलग्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, मी तुला कशी ओरडायची. रोज तिला फोन करते. ती रोज घेतली म्हणते आणि मी रोज घाबरते. एकोणिसांतली तीन घरं अजून फोन उचलत नाहीत. त्यांत कोण काय सोडून बसलंय, कुणास ठाऊक. मंगळवार आहे. इथं थांबते.

*

शुक्रवार, संध्याकाळ.

रिपोर्ट आले. दुपारी दिलीप आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. त्यानं तुझा निळा स्वेटर घातला होता, उकाडा असून. बाईंनी आधी दिलीपचा कागद उघडला. त्याच्या दोन्ही प्रती नीट आहेत. त्याला ती गुलाबी गोळी चांगली लागते. एकाच आईचा, एकाच बापाचा, एकाच डब्यातली गोळी घेणारा, आणि त्याला लागते. म्हणजे सहा दिवस मी त्याला त्याच्या अंगाला लागणाऱ्या औषधापासून तोडलं होतं. त्या सहा दिवसांत काही झालं नाही, ही माझी पुण्याई नाही. बाईंनी त्याला परत गुलाबीवर आणलं. दिलीप म्हणाला, "अण्णाच्या वाटणीचा गुणबी सगळा माझ्याकडं आला."

मग माझा कागद. बाईंनी वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांनी तोंड उघडायच्या आधीच कळलं.

माझ्या दोन्ही प्रती तुझ्यासारख्या आहेत, अण्णा.

आज मला त्या गोळीची गरज नाही. लागलीच तर दुसरी आहे, हे आता माहीत आहे. तुझ्यामुळं माहीत आहे. पर्समध्ये ठेवायला एक कार्ड केलंय, वर ठळक अक्षरांत गोळीचं नाव, खाली "लागू पडत नाही". घरी यांना सांगितलं, मुलीला सांगितलं. तिचंही एकदा बघून घ्यायचं, तेही यादीत लिहिलं, पण या वेळी 'संभव आहे' हे शब्द गाळले नाहीत. बाईंना मी विचारलं, तपासणी न करता मी ती गोळी रोज घेतली असती तर? त्या म्हणाल्या, तुम्हाला काहीच कळलं नसतं, तुम्ही तर दाढीसुद्धा करत नाही. मी हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. तुझी तक्रार माझ्या अंगातही होती, आणि मी तुला खोटं ठरवत होते.

दिलीपसाठी तो निळा डबा रिकामा केला. बटणं वहिनीनं दुसरीकडे ठेवली. हिरवा तसाच आहे, सुयांसकट. आज सकाळी पावणेआठला दिलीपनं स्वतःहून फोन केला.

"आक्का, घेतली."

'नक्की?' जिभेवर आलं होतं. त्याच्या बाबतीत तर विचारायलाच हवं होतं. पण मागाची खटखट सुरू झाली, तुझ्या मागाची, आणि मी म्हणाले, "बरं."

तेवढंच, नुसतं "बरं". तुला मी एकदाही नुसतं बरं म्हणाले नाही, अण्णा.